तापाचा दिवस लिहा: नागपूरचे फॅमिली डॉक्टर आणि केमिस्ट यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील सर्व फॅमिली डॉक्टर, औषध दुकानदार आणि महापालिकेच्या दवाखान्यांतील वैद्यकीय अधिकारी

सप्रेम नमस्कार.

पहिल्या दिवशी अँटिबायोटिक, पाचव्या दिवशी अँटिव्हायरल. फ्लूच्या हंगामातल्या कित्येक चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या की हाच क्रम दिसतो. ताप आला त्याच संध्याकाळी अझिथ्रोमायसिन ५००ची पट्टी सुरू होते. ती संपते, ताप तसाच राहतो, मग कुणी सेफिक्झिम हे दुसरे अँटिबायोटिक जोडतो. धाप लागली की ‘एकदा स्वाइन फ्लूचीही तपासणी करून घ्या’ म्हणत ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे अँटिव्हायरल लिहिले जाते. म्हणजे विषाणूवरचे औषध विषाणूचा जोर ओसरल्यावर, आणि जिवाणूवरचे औषध जिवाणू यायच्या आधी. हा क्रम सरळ करायला नवे यंत्र लागत नाही की निधी लागत नाही. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात ‘ताप, दिवस दुसरा’ एवढे लिहायची सवय लागली तरी निम्मे काम होते. हे पत्र त्या तीन शब्दांसाठी आहे.

लिहिणाऱ्यांत फिजिशियन आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत, प्रयोगशाळेत कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) वाचणारे आहेत आणि काउंटरमागे उभे राहणारे फार्मासिस्टही आहेत. बाहेर बाकावर चाळीस पेशंट बसलेले असताना ‘काही स्ट्राँग लिहून द्या ना जी’ म्हणणाऱ्याला नुसत्या पॅरासिटामॉलवर घरी पाठवणे सोपे नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून उपदेश बाजूला ठेवून कामाचे बोलू.

फ्लूचा विषाणू सर्वाधिक वाढतो तो लक्षणे दिसल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. ऑसेल्टामिविर विषाणूला मारत नाही. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर सुटण्यासाठी न्यूरामिनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) वापरतात, ते विकर हे औषध अडवते. त्यामुळे विषाणू जिथे जन्मला तिथेच चिकटून राहतो. फौज गावभर पसरल्यावर वेशीचे दार लावून काय उपयोग, तसे हे गणित आहे. म्हणून ४८ तासांची अट. आणि हे ४८ तास पेशंट तुमच्यासमोर बसल्यापासून मोजायचे नसतात. शुक्रवारी रात्री अंग मोडून आले, शनिवार घरातल्या पॅरासिटामॉलवर गेला, रविवारी दवाखाना बंद, सोमवारी सकाळी पेशंट तुमच्याकडे: मुदत उलटून गेलेली आहे. ‘ताप किती दिवसांपासून आहे’ असे विचारले की लोक ‘दोन-तीन दिवस’ म्हणतात. ‘थंडी वाजून आली ती कोणत्या दिवशी, सकाळी की रात्री’ असे विचारा, नेमके उत्तर मिळते.

मात्र ४८ तास ही लक्ष्मणरेषाही नव्हे. पेशंट दाखल करण्याइतका आजारी असेल, गरोदर असेल, प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशीही ऑसेल्टामिविर सुरू करावे. उशीर झाला म्हणून गंभीर पेशंटला औषधच नाकारणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे.

आता या औषधाची खरी ताकद किती, तेही स्पष्ट सांगू. ते रामबाण नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रौढांवरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात आजार सुमारे २५ तासांनी कमी झाला. अँटिबायोटिक द्यावे लागेल अशी छातीची गुंतागुंत औषध न घेणाऱ्यांत ८.७ टक्के होती, घेणाऱ्यांत ४.९ टक्के. उलटीचे प्रमाण मात्र ३.३वरून ८ टक्क्यांवर गेले. त्यानंतरच्या विश्लेषणांत, घरी उपचार घेणाऱ्यांना दाखल होण्यापासून हे औषध वाचवते असा ठोस पुरावा निघाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शिकेने तर साध्या फ्लूत ऑसेल्टामिविर न देण्याकडे कल दाखवला. गंभीर फ्लूत त्याला सशर्त पसंती दिली, आणि जोखीम असलेल्या पण अजून गंभीर न झालेल्या पेशंटसाठी बॅलॉक्साविर हे दुसरे अँटिव्हायरल सुचवले. त्याच मार्गदर्शिकेत, जिवाणूसंसर्गाची शक्यता कमी असलेल्या साध्या फ्लूत अँटिबायोटिक देऊ नये, हे मात्र ठामपणे सांगितले आहे. नागपूरच्या दुकानात फ्लूचे औषध म्हणून समोर येते ते मुख्यतः ऑसेल्टामिविरच. त्यामुळे आमचा सल्ला असा: धडधाकट तरुणाला ते सरसकट देऊ नका, आणि जोखमीच्या पेशंटला देताना एक दिवसही वाया घालवू नका.

जोखीम कुणाला, याची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वर्गवारीत आहेच. अ गट म्हणजे हलका ताप, खोकला, घसा: तपासणी नाही, ऑसेल्टामिविर नाही, २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघायचे. ब गटाच्या पहिल्या भागात जोराचा ताप आणि घशाचा तीव्र त्रास. दुसऱ्या भागात गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील माणसे, फुफ्फुस, हृदय, यकृत, मूत्रपिंड किंवा रक्ताचे विकार, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, आणि अशी पार्श्वभूमी असलेली मुले. या दुसऱ्या भागाला ऑसेल्टामिविर द्यायचे, आणि त्यासाठी तपासणीची गरज नाही. क गट म्हणजे धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीत रक्त, निळी नखे: स्वॅब घ्या, दाखल करा, औषध लगेच सुरू करा. इथे नेहमी घोळ होतो तो अहवालाची वाट पाहण्यात. क गटात स्वॅब घेतल्याक्षणी पहिली कॅप्सूल गेली पाहिजे. झटपट अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. तिच्यातून फ्लूचे बरेच पेशंट सुटतात.

त्याच वर्गवारीत ब गटाखाली एक वाक्य आहे: रुग्णालयाबाहेर झालेल्या न्यूमोनियाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ब्रॉड स्पेक्ट्रम (अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारे) अँटिबायोटिक देता येईल. आमच्या मते सगळा गोंधळ या वाक्याच्या वाचनात आहे. ‘देता येईल’चा अर्थ ‘द्यावे’ असा लावला जातो, आणि ‘न्यूमोनियाच्या सूचनांप्रमाणे’ हे शब्द वगळून वाचले जातात. न्यूमोनियाची चिन्हे नसतील तर ते वाक्य तुमच्या पेशंटला लागूच होत नाही.

डोस तुम्हाला माहीत असतील, तरी चुका जिथे होतात तिथे थांबतो. प्रौढांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे दहा कॅप्सूल. गरोदर स्त्रीलाही हाच डोस, कमी करायचा नाही. एक वर्षावरील मुलांना वजनाप्रमाणे दिवसातून दोनदा: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, १५ ते २३ किलो ४५, २३ ते ४० किलो ६०, त्यापुढे ७५. वर्षाच्या आतल्या बाळाला साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तेही बालरोगतज्ज्ञाच्या नजरेखाली.

सिरपमध्ये मोठी खोच आहे. भारतात ते बहुधा एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम असे मिळते. परदेशी तक्ते आणि मोबाइलवरचे डोस कॅल्क्युलेटर ६ मिलिग्रॅम धरून चालतात. बारा किलोच्या मुलाला ३० मिलिग्रॅम हवे. १२च्या बाटलीतून ते अडीच मिली होते, ६च्या बाटलीतून पाच मिली. चिठ्ठीवर नुसते ‘५ मिली’ लिहिले आणि बाटली १२ची निघाली तर डोस दुप्पट, आणि उलट झाले तर निम्मा. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहा. मिलीत रूपांतर केमिस्टने बाटली हातात धरून करावे आणि डब्यावर पेनने लिहावे. घरातला चमचा मोजमापाचा नसतो. सुईविना सिरिंज द्या, चार-पाच रुपयांचे काम आहे. पावडरची बाटली असेल तर पाणी केमिस्टने स्वतः मोजून घालावे. तयार केलेले औषध किती दिवस टिकते ते लेबलवर असते, पण तिथे लिहिलेले ‘खोलीचे तापमान’ म्हणजे सहसा २५ अंशांपर्यंत, आणि नागपुरात तशी खोली डिसेंबर-जानेवारी सोडला तर शोधावी लागते. फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, बर्फाच्या कप्प्यात नाही. सिरप मिळालेच नाही तर ३० किंवा ४५ची कॅप्सूल उघडून घट्ट साखरेच्या पाकात कालवून देता येते. पावडर कडू असते, नुसत्या पाण्यात मूल थुंकून टाकते.

दुसरी चूक मूत्रपिंडाची. रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा बघून ‘थोडेसेच वाढले आहे’ म्हणणे धोक्याचे. ७२ वर्षांची, ५० किलोची बाई, क्रिएटिनिन १.४. सूत्र लावा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, स्त्री असेल तर गुणिले ०.८५. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (क्लिअरन्स), येते मिनिटाला साधारण २९ मिली. म्हणजे तिला ७५ दोनदा नव्हे, तर ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. क्लिअरन्स ३० ते ६०च्या मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम दोनदा. डायलिसिसवरच्या पेशंटचा डोस नेफ्रॉलॉजिस्टला विचारूनच.

तिसरी चूक प्रतिबंधाच्या डोसची. घरात फ्लूचा पेशंट आणि शेजारी जोखमीची व्यक्ती असेल तर तिला ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, दहा दिवस देता येते. हा एकदाचा डोस ताप आलेल्या माणसाला देऊ नका. अर्धवट डोसाखाली वाढणाऱ्या विषाणूला औषधाला दाद न देण्याची कला शिकवण्याचा तो उत्तम मार्ग आहे. आणि अमँटाडीन या फ्लूच्या जुन्या औषधाचा विषयच नको. आज फिरणाऱ्या ए प्रकारच्या विषाणूंवर ते चालत नाही.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे फ्लू उतरल्यावर जिवाणूंमुळे येणाऱ्या दुसऱ्या तापावर.

१९१८च्या साथीत दगावलेल्यांपैकी बहुसंख्य लोक नुसत्या विषाणूने गेले नाहीत, तर त्यामागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेले, हे तेव्हाच्या जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या तपासणीतून २००८ साली पुन्हा दाखवले गेले. या मागून येणाऱ्यांची नावे ठरलेली: न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी, आणि गट अ स्ट्रेप्टोकोकस. हिमोफिलसच्या नावात ‘इन्फ्लुएंझी’ राहून गेले ते १८९२ सालच्या फायफर यांच्या गैरसमजामुळे. त्यांना फ्लूच्या पेशंटच्या थुंकीत हा जिवाणू सापडला आणि तोच फ्लूचे कारण वाटला. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू वेगळा काढता आला १९३३ साली. म्हणजे चाळीस वर्षे मागून आलेल्या पाहुण्यालाच यजमान समजले गेले. आजची पहिल्या दिवसाची अझिथ्रोमायसिनची चिठ्ठी त्याच गैरसमजाची नात आहे.

हे जिवाणू बाहेरून येतात असेही नाही. न्यूमोकोकस लहान मुलांच्या नाकात-घशात एरवीही निवांत राहतो. फ्लू त्याला खाली उतरायला वाट करून देतो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म रोम असतात, ते सतत कफ वर ढकलत राहतात. विषाणू हे अस्तरच सोलून काढतो. विषाणूचे न्यूरामिनिडेज पेशींवरचे सियालिक आम्ल कापते, त्यामुळे जिवाणूला चिकटायला जागा उघड्या पडतात, आणि ते सुटे झालेले आम्ल न्यूमोकोकस खाद्य म्हणून वापरतो. भरीला, विषाणूशी लढताना शरीर जे इंटरफेरॉन सोडते त्यामुळे वायुकोशांतल्या भक्षक पेशी जिवाणू गिळण्यात काही दिवस ढिल्या पडतात. हे सगळे एकत्र यायला साधारण आठवडा लागतो. म्हणून दुसरा ताप बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान येतो.

त्याचा चेहरा ओळखीचा आहे. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, पेशंट जेवायला लागतो, कामावरही जाऊन येतो. मग सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप, कफ पिवळा किंवा गंजाच्या रंगाचा, श्वास घेताना एका बाजूला टोचणे. ‘पुन्हा व्हायरल झाला’ असे म्हणून हा पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि चिठ्ठीवर दिवस लिहिलेला नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला तो पहिल्याच दिवसाचा ताप वाटतो. कोपऱ्यातले ते तीन शब्द इथे कामाला येतात.

मग पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक देऊन हा दुसरा ताप टाळता येणार नाही का? नाही, आणि उलट नुकसान होते. अझिथ्रोमायसिन शेवटची गोळी संपल्यावरही कित्येक दिवस शरीरात थोडे थोडे रेंगाळते. त्या पातळ पातळीत नाकातले दुबळे न्यूमोकोकस मरतात आणि त्याला दाद न देणारे उरतात. आठवड्याने फुफ्फुसात कुणी उतरलाच, तर तो या उरलेल्यांपैकी असतो. भर म्हणजे स्टॅफिलोकोकसवर या औषधाचा भरवसा धरता येत नाही, आणि दाखल झाल्यावर केलेले ब्लड कल्चर मात्र त्यामुळे कोरे येऊ शकते. मधुमेही, हृदयरोगी, आधीच दोन-चार गोळ्या घेणाऱ्या पेशंटमध्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वेगळाच.

अँटिबायोटिक केव्हा सुरू करायचे, याच्या तीन खुणा अमेरिकेच्या संसर्गरोग सोसायटीने २०१८च्या मार्गदर्शिकेत दिल्या आहेत आणि त्या इथेही तितक्याच चालतात: पेशंट पहिल्यापासूनच गंभीर आहे, बरा होत असताना पुन्हा बिघडला, किंवा तीन ते पाच दिवस अँटिव्हायरल घेऊनही सुधारत नाही. याखेरीज ओपीडीत दोन मोजमापे पुरतात. एक, श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, आणि मूल रडत असताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते बारा महिने ५०, एक ते पाच वर्षे ४०. तेवढे किंवा जास्त म्हणजे वेगवान. प्रौढात ३० म्हणजे दाखल करायची तयारी. दुसरे, ऑक्सिजन. कोविडने घराघरांत ऑक्सिमीटर पोचवले, ते कपाटातून बाहेर काढायला सांगा. सेल बदला, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरे बोट बघा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट थांबा. ९४च्या खाली म्हणजे घरी ठेवायचा पेशंट नाही. आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, म्हणून ९४-९५वर धाप दिसत असेल तर धापेवर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही.

खुणा पटल्या, पेशंट घरी राहण्याजोगा आहे, तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट ६२५ दिवसातून तीनदा किंवा १ ग्रॅमची गोळी दोनदा, पाच दिवस, आणि ४८ तासांनी पुन्हा तपासणी. लहान मुलांत अमॉक्सिसिलिनचा भाग दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन डोसांत विभागून. ऑसेल्टामिविरचा कोर्स चालू असेल तर तो थांबवायचा नाही. दाखल पेशंटला सेफ्ट्रिऍक्सोन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन. पण पहिल्या इंजेक्शनआधी ब्लड कल्चरच्या बाटल्या भरल्या गेल्या पाहिजेत.

एक चकवा मुद्दाम सांगतो. स्टॅफिलोकोकस आठवडाभर थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तरुण, निरोगी माणसाला थुंकीतून रक्त, रक्तदाब घसरलेला, आणि सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी दोन-तीन हजारांवर आलेल्या. ‘पेशी कमी आहेत म्हणजे व्हायरलच’ असे म्हणून हा पेशंट घरी पाठवला जातो. फ्लूबरोबरच्या स्टॅफ न्यूमोनियात कमी पेशी हे वाईट लक्षण आहे. हा पेशंट अँब्युलन्सने मेडिकल, मेयो, एम्स, जे रुग्णालय जवळ असेल तिथे, सोबत ‘एमआरएसएचा संशय’ असे चिठ्ठीवर लिहून. एमआरएसए म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस. त्यावरचे व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड लवकर सुरू होणे चिठ्ठीवरच्या त्या दोन शब्दांवर अवलंबून असते.

पहिल्या दिवशी अँटिबायोटिक नको, या नियमाला एक ठळक अपवाद आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त लागू पडतो: सिकलसेल. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. एसएस प्रकारच्या (आईवडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेल्या) मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकसविरुद्धची पहिली तटबंदी ढासळते. त्या मुलाला ३८.५ अंश, म्हणजे १०१.३ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर तो फ्लूचा असला तरी वाट पाहायची नाही. कल्चर, सेफ्ट्रिऍक्सोन, छातीचा एक्स-रे, आणि फ्लूचा हंगाम असेल तर सोबत ऑसेल्टामिविर, सगळे त्याच दिवशी. छातीत दुखून ऑक्सिजन उतरू लागला तर ते ‘अक्यूट चेस्ट सिंड्रोम’, म्हणजे सिकलसेलमधली फुफ्फुसांची गंभीर गुंतागुंत समजा. नेहमीची पेनिसिलीनची गोळी चालू आहे की बंद केली आहे हे विचारा. पाच वर्षांपर्यंत ती चुकता कामा नये. ताप घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का’ हा एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

सुईबद्दल थोडे. ‘सुई लावून द्या’ या आग्रहापोटी डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. ताप रात्रीतून उतरतो, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असे गल्लीत बोलले जाते. पण फ्लूमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत मृत्यू आणि मागून येणारे संसर्ग जास्त आढळले आहेत, आणि आपल्या विषयापुरते त्याहून वाईट म्हणजे ते दुसरा ताप झाकून टाकते. सातव्या दिवशी जो इशारा मिळायला हवा तो मिळतच नाही. दमा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा) झटका आला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टेरॉइड त्या झटक्यासाठी आहे, तापासाठी नाही. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिकही हाताशी ठेवू नका. ते क्षयाच्या जंतूंवर चालते, त्यामुळे खोकला महिनाभर दबतो, आणि क्षयाचे निदान तेवढे पुढे जाते. सोळा-अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना ऍस्पिरिन अजिबात नाही, मेंदू आणि यकृताला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमच्या भीतीने.

आणि सगळाच ताप फ्लू नसतो. आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम: जानेवारी ते मार्च, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत. पहिल्या हंगामाची आठवण २०१५ने पक्की करून ठेवली आहे. दुसरा जास्त फसवा, कारण त्याच दिवसांत डेंग्यू, मलेरिया आणि बारीक किड्यांच्या (चिगर माइट) चाव्यातून होणारा स्क्रब टायफसही असतात. २०१८च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांना हिसका दाखवला होता. नाक-घशाचा त्रास नाही, ताप पाच दिवसांवर गेला, तर कपडे काढून बघा: काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनांखालची घडी. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्सिसायक्लिन १०० दिवसातून दोनदा, त्याच दिवशी. स्क्रब टायफसमध्ये, विशेषतः गरोदरपणी, अझिथ्रोमायसिनला रीतसर जागा आहे. पण मग चिठ्ठीवर ‘स्क्रब टायफसचा संशय’ असे लिहा, म्हणजे ते औषध कशासाठी आहे हे पुढच्याला कळेल. डेंग्यूची शंका असेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी नको.

केमिस्ट मंडळींना वेगळे सांगायचे ते असे. ऑसेल्टामिविर पूर्वी औषध नियमांतल्या सर्वांत कडक यादीत, शेड्यूल एक्समध्ये होते आणि मोजक्या दुकानांतच मिळायचे. २०१७पासून ते शेड्यूल एच-१मध्ये आहे. कोणत्याही परवानाधारक दुकानात, चिठ्ठीवर, वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध आणि संख्या नोंदवून विकता येते. रजिस्टर तीन वर्षे जपायचे. तरीही आडबाजूच्या वस्तीत ते मिळत नाही, कारण वर्षातले सहा महिने त्याला गिऱ्हाईक नसते. गांधीबागेच्या घाऊक बाजारातून मागवून उद्या देतो म्हणणे बाकी औषधांना चालते. या औषधाचा तो एक दिवस म्हणजे ४८ तासांतला निम्मा. जानेवारी आणि जुलैच्या सुरुवातीला ७५ची दोन पाकिटे, ३०चे एक आणि सिरपच्या दोन बाटल्या ठेवल्या तर एखाद्या गल्लीचा रविवार निभावतो. पट्टी तोडून चार कॅप्सूल देऊ नका. बरे वाटले की उरलेल्या सहा घ्यायला कुणी परत येत नाही. आणि अझिथ्रोमायसिनलाही चिठ्ठी लागते. ‘मागच्या वेळी हीच दिली होती’ ही चिठ्ठी नव्हे.

महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे दोनच मागण्या. आपल्या दवाखान्यांत ऑसेल्टामिविरचा साठा हंगामाआधी पोचावा, साथीच्या बातम्या आल्यावर नव्हे. आणि शहरातल्या स्वॅबांपैकी त्या आठवड्यात फ्लूचे किती निघाले, कोणत्या प्रकारचे निघाले, एवढी दोन ओळींची माहिती दर सोमवारी प्रत्येक दवाखान्याच्या मोबाइलवर यावी. दहापैकी चार स्वॅब फ्लूचे निघत असतील तर अँटिव्हायरल लिहिताना हात थबकत नाही, शंभरात दोन असतील तर डॉक्टर दुसरे कारण शोधू लागतो.

लसीबद्दल थोडक्यात: फ्लूची लस जोखमीच्या व्यक्तींना दरवर्षी, पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये. बाळांना न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना मोफत आहे, ती राहून गेली का ते कार्डावर बघा. मधुमेही, सीओपीडी आणि सिकलसेलच्या पेशंटना न्यूमोकोकसची लस स्वतःहून सुचवा. ते आपणहून विचारणार नाहीत.

शेवटची गोष्ट शिक्क्याची. कोणत्याही शिक्केवाल्याकडे एका दिवसात तयार होतो. मजकूर असा ठेवा: ‘ताप सुरू, तारीख …, वेळ …. आज दिवस …. श्वास … प्रतिमिनिट. ऑक्सिजन …. वजन … किलो. सिकलसेल: हो / नाही / तपासलेले नाही.’ त्याखाली पेशंटसाठी दोन ओळी: ‘ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत टोचले, थुंकीत रक्त दिसले, मूल दूध पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर त्याच दिवशी या. येताना ही चिठ्ठी आणा.’ शिक्का चिठ्ठीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मारा. खालच्या बाजूला मारला तर केमिस्टचा शिक्का त्याच्यावर बसतो आणि तारीख वाचता येत नाही.

कळावे,
नागपुरातील काही फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि फार्मासिस्ट